रिकामं काडतूस पुन्हा भरावं का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या भाषणात मी अंबरनाथच्या आयुध निर्माणीत पितळेच्या वाट्या कशा दाबल्या जातात, ते सांगितलं होतं. त्यावर मुरबाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचं पत्र आलं. वडिलांची बारा बोअरची बंदूक रीतसर त्यांच्या नावावर झाली आहे. भात पोटरीला आलं की डुकरं शेतात उतरतात. काडतुसं महाग. तेव्हा त्यांचे प्रश्न दोन : झाडलेलं रिकामं काडतूस घरी भरता येईल का? आणि डुकरासाठी कुठली गोळी घ्यावी?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात आहे : नाही. पण नुसतं ‘नाही’ म्हटलं की माणूस गुपचूप करून बघतो, म्हणून कारण सांगतो.

माझे मामा टोकावड्याकडचे. त्यांच्याकडे पीकरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. शिंगाच्या मापानं काळी दारू नळीत ओतायची, वर चिंधी ठासायची, मग छर्रे, पुन्हा चिंधी, शेवटी बाहेर टोपी बसवून घोडा ताणायचा. तीस वर्षं त्या मापानं कधी दगा दिला नाही. एके वर्षी काळी दारू संपली. कुणीतरी बारा बोअरची जुनी काडतुसं फोडून त्यातली दारू त्यांना आणून दिली. मामांनी तेच शिंगाचं माप भरलं. दारू ती दारू, असं त्यांना वाटलं. चाप ओढला आणि नळी बुडाशी फाटली. डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गेली. जीव वाचला, पण भात कापताना मूठ डाव्या हातात धरावी लागते; पुढं आयुष्यभर मामा बांधावर बसून दुसऱ्यांची कापणी बघत राहिले.

झालं काय होतं? काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती भसकन जळते, ढीगभर धूर करते, आणि तिच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग राख आणि धूर म्हणून वाया जातो. काडतुसातली बिनधुराची दारू ही वेगळीच चीज आहे. ती नायट्रोसेल्युलोजपासून बनते आणि जवळजवळ सगळीच्या सगळी वायू होते. त्यामुळे तेवढ्याच मापात तिचा जोर कितीतरी पटींनी जास्त. शिवाय बिनधुराच्या दारूतही जाती आहेत. दाण्याचा आकार बदलला, वरचा लेप बदलला की जळण्याचा वेग बदलतो. पिस्तुलाची दारू, छऱ्याच्या काडतुसाची आणि रायफलची दारू दिसायला सारखी असू शकते. डोळ्यानं किंवा वासानं ती ओळखणारा माणूस मला तरी नोकरीच्या सगळ्या वर्षांत भेटला नाही.

आता जोर म्हणजे किती, ते बघा. मोटारीच्या चाकात दर चौरस सेंटिमीटरला दोन किलोच्या आसपास हवेचा दाब असतो. बारा बोअरच्या नळीत बार उडताना क्षणभर हा दाब सहाशे-सातशे किलोपर्यंत जातो. हे सगळं तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर चाललेलं असतं.

हा दाब अडवायचं निम्मं काम काडतुसाचं कवच करतं. रायफलच्या काडतुसाचं पितळ सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त असं असतं. बार उडाला की ते फुगून नळीला घट्ट चिकटतं, त्यामुळे गरम वायू मागे नेमबाजाच्या तोंडावर येत नाही. दाब उतरला की तेच पितळ थोडं आखडतं आणि कवच सहज बाहेर निघतं. एकदा फुगलेलं पितळ मात्र पहिल्यासारखं राहत नाही. ते कडक होतं आणि पुन्हा ताणलं की बुडाशी चिरतं. अमेरिकेत हौशी शिकारी घरी काडतुसं भरतात, हे खरं आहे. पण त्यांच्याकडे कवच मापात आणणारा दाबयंत्राचा संच असतो, दाण्यादाण्यानं दारू तोलणारा काटा असतो आणि दारू बनवणाऱ्या कारखान्याचं छापील कोष्टक असतं. तरीही तिथं हात गमावणारी माणसं आहेत. आपल्याकडचं बारा बोअरचं काडतूस तर कागदाच्या नाहीतर प्लास्टिकच्या नळीचं, फक्त बूड धातूचं. एकदा उडाल्यावर त्याचं तोंड फाटलेलं असतं.

कायद्याचंही ऐकून घ्या. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. दोन पैसे वाचवायला ही फार मोठी किंमत झाली. याच अधिनियमाच्या कलम १३ मध्ये शेतकऱ्याचा मात्र विचार केलेला आहे : खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि ती पुरी पडत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर किमान वीस इंच नळीची साधी बंदूक.

आता गोळीकडे वळू. बारा बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल, ती बारा बोअर. म्हणजे साडेअठरा मिलिमीटर. वीस बोअरची नळी म्हणूनच अरुंद. हा आकडा उलटा चालतो, हे लक्षात ठेवा, कारण त्यात मोठा धोका लपला आहे. वीस बोअरचं काडतूस चुकून बारा बोअरमध्ये टाकलं तर ते आत घसरून पुढं अडकतं, दिसत नाही. बंदूक रिकामी समजून मागून बाराचं काडतूस घातलं की नळीच्या चिंध्या. म्हणूनच बरेच कारखाने वीस बोअरचं काडतूस पिवळ्या रंगाचं करतात. दोन्ही जाती एका खिशात कधीच ठेवू नयेत.

काडतुसाची लांबीही बघायला हवी. जुन्या बऱ्याच बंदुकांचं घर ६५ मिलिमीटरचं असतं. ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात बसतं, बंदूक बंदही होते, पण उडताना त्याच्या तोंडाला उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. नळीवर काय कोरलंय, ते भिंगानं वाचा. आजोबांच्या काळची नळी नायट्रो दारूसाठी तपासलेली नसेल, तर ती भिंतीवरच शोभते.

डुकरासाठी बारीक छर्रा कामाचा नाही. एका औंसात, म्हणजे सुमारे २८ ग्रॅममध्ये, चार नंबरचे छर्रे १७० बसतात. ते डुकराच्या कातडीत रुततात आणि जनावर चवताळून अंगावर येतं, नाहीतर रानात जाऊन आठवडाभर सडून मरतं. एसजीचे दाणे औंसाला आठ, एलजीचे सहा. घ्यायचंच तर एलजी, आणि तेही पंचवीस-तीस मीटरांच्या आत. त्यापुढं दाणे फाकतात. एकच अखंड गोळी झाडायची तर नळीचं तोंड आवळलेलं, म्हणजे चोक असलेलं नाही ना, हे जाणकाराकडून तपासून घ्या. दुनळी बंदुकीची डावी नळी बहुतेक वेळा अशी आवळलेली असते.

आणि हे सगळं वनखात्याची लेखी परवानगी हातात असेल तरच. रानडुक्कर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. पिकाची नासाडी झाली तर भरपाईचा अर्ज लगेच करावा, पंचनामा लांबला की पुरावा नांगराखाली जातो.

चुकलेला दाणा कुठं जातो, याचा विचार फार थोडे जण करतात. बारीक छर्राही दोनशे मीटर जातो, एलजीचा दाणा त्याच्या दुप्पट-तिप्पट. २०२५च्या सुरुवातीला शेजारच्या पालघर जिल्ह्यात डुकराच्या शिकारीला गेलेल्यांनी अंधारात आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली. माळ्यावर बसून राखण करायची आपली जुनी रीत शहाणपणाची होती. वरून खाली झाडलेली गोळी जमिनीत जाते. रात्री सळसळ ऐकून बार काढू नका. आधी बॅटरी टाका, जनावर नीट बघा, त्याच्या मागे काय आहे तेही बघा.

शिशाबद्दलही बोलायला हवं. काही घरांत जाळ्याची शिशी, जुन्या बॅटरीच्या पट्ट्या चुलीवर वितळवून गोळ्या ओततात. ती वाफ आणि ती राख घरातल्या रांगत्या पोराच्या पोटात जाते. मुलाच्या रक्तात शिसं किती असलं तर चालेल, याला सुरक्षित असा आकडाच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बुद्धीवर होणारा परिणाम बाहेरून दिसत नाही, म्हणून कुणी चुलीला दोष देत नाही.

पावसाळ्यानंतर भिंतीवरची बंदूक काढाल, तेव्हा आधी ती मोडून नळीतून उजेडाकडे बघा. आपल्याकडे कुंभारमाशी नळीत मातीचं घर करते. बोटभर माती पुढं असली तरी नळी फुगते किंवा फुटते. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर बंदूक लगेच उघडू नका. तोंड मोकळ्या रानाकडे धरून मिनिटभर थांबा, दारू कधी कधी उशिरा पेटते. ओलीनं फुगलेलं, बूड हिरवं पडलेलं काडतूस ठोकून आत बसवू नका. ते उन्हात वाळवायचं नाही, चुलीत टाकायचं नाही, विहिरीतही टाकायचं नाही. परवाना सोबत घेऊन पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, आणि पावती घ्यायला विसरू नका.