तडतडणारी पट्टी

ट्रेमध्ये तीन करड्या पट्ट्या होत्या. बोटभर लांब, पाटीवरच्या पेन्सिलीच्या रंगाच्या. दिसायला तिन्ही सारख्याच. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंनी पहिली उचलून दोन टेकूंवर आडवी ठेवली. ही नुसत्या सिलिकॉन कार्बाइडची, म्हणजे सुरीला धार लावायच्या दगडात असतो त्याच पदार्थाची. वरून यंत्राचा दांडा सावकाश खाली येऊ लागला. पडद्यावरची भाराची रेघ सरळ वर चढत गेली आणि ‘टक्’! रेघ थेट शून्यावर आली. पट्टीचे दोन तुकडे झाले होते, तुटलेल्या कडा काचेसारख्या गुळगुळीत.

लोखंडात भेगेच्या टोकाशी ताण वाढला की धातू थोडा वाकतो, भेग बोथट होते. सिलिकॉन कार्बाइडसारख्या सिरॅमिकला वाकताच येत नाही. भेग सुटली की सुटलीच.

दुसऱ्या पट्टीत सिलिकॉन कार्बाइडचेच धागे घातलेले होते. प्लास्टरच्या गणपतीत काथ्या घालतात, तसंच हे असणार असं मला वाटलं. धागा घातला की काम झालं! पण पुन्हा तोच ‘टक्’. या पट्टीत धागे आणि भोवतालचं सिरॅमिक एकजीव झाले होते. भेगेच्या लेखी ते दोन नव्हतेच. ती धाग्यांतून आरपार गेली.

“आता कान इकडे द्या,” बाई म्हणाल्या.

तिसरी पट्टी. रेघ चढली, जराशी कलली, आणि फोडणीत मोहरी तडतडावी तसा बारीक आवाज सुरू झाला. पट्टीला भेगा पडत होत्या, तरी ती भार पेलत होती. रेघ घसरली, पण पायरी-पायरीनं.

फरक होता तो एका लेपाचा. या पट्टीतल्या धाग्यांवर बोरॉन नायट्राइडचा थर होता, मिलिमीटरच्या जेमतेम हजाराव्या भागाइतका. हा पदार्थ ग्रॅफाइटसारखा थराथरानं सुटतो. भेग धाग्यापाशी आली की या कच्च्या थरात शिरते आणि धाग्याच्या कडेनं वळते. धागा भेगेचे दोन्ही काठ धरून राहतो. तुटलाच तर घासत घासत बाहेर ओढला जातो, आणि त्या घासण्यात बराच जोर खर्ची पडतो. म्हणजे पकड मुद्दाम सैल ठेवायची, पण सुटेल इतकी नाही. सगळं कसब इथं आहे.

शेजारच्या टेबलावर घासकाम न झालेला एक तुकडा होता. अंगावर घामासारखे चकचकीत थेंब. लेप दिलेल्या धाग्यांचा साचा भट्टीत ठेवून त्यात वितळलेलं सिलिकॉन शोषू देतात, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. त्यासाठी १४१४ अंशांच्या वर तापमान लागतं. आतल्या कार्बनशी संयोग होऊन सिलिकॉन कार्बाइड तयार होतं. उरलेलं सिलिकॉन गोठताना पाण्यासारखं फुगतं आणि पृष्ठभागावर थेंबांनी बाहेर पडतं.

असा धागा बनवायची वाट जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या सेइशी याजिमा यांनी १९७५ मध्ये दाखवली: आधी सिलिकॉनयुक्त पॉलिमरचं सूत काढायचं, मग ते भाजायचं. तिथून प्रवासी विमानापर्यंत पोहोचायला चार दशकं गेली. २०१६ मध्ये सेवेत आलेल्या ‘लीप’ इंजिनात टर्बाइनच्या पात्यांभोवतीचं कडं अशा धागे घातलेल्या सिरॅमिकचं आहे. निकेलच्या मिश्रधातूच्या तुलनेत वजन सुमारे एक तृतीयांश, आणि १३०० अंशांच्या आसपासही टिकाव. त्यामुळे थंड करायला हवा कमी लागते, इंधन वाचतं. मुंबईत उतरणाऱ्या कित्येक ए३२० निओ विमानांना हीच इंजिनं आहेत. वैरी मात्र अनपेक्षित निघाला: ज्वलनातून निघणारी पाण्याची वाफ. एवढ्या उष्णतेत ती सिरॅमिकचा पृष्ठभाग हळूहळू खाते, म्हणून वरून आणखी एक संरक्षक लेप द्यावा लागतो.

बाईंनी पहिल्या दोन पट्ट्यांचे तुकडे कुंचल्यानं झाडून डबीत भरले. तिसरी माझ्या हातात दिली. मधोमध भेग उघडलेली, आत दाढीच्या खुंटांसारखे धागे. मी दोन्ही टोकं धरून ओढून पाहिली. ती वेगळी होईनात.