बीजगणिताची वाट (लेखांक ९) : काट मारण्याआधी

गेल्या आठवड्यात आपण अवयव पाडायचा भरपूर सराव केला. तो आजच्यासाठीच होता. ‘गुणोत्तरीय बैजिक राशी’ हे नाव ऐकून मुलं बिचकतात. पण हा साधा अपूर्णांकच आहे, फक्त अंशात आणि छेदात अंकांऐवजी बैजिक राशी बसल्या आहेत. नियमही तेच जुने. तरी हुशार मुलांचे गुण इथे जातात, आणि बहुतेक वेळा काट मारतानाच जातात.

(क्ष + ६)/(क्ष + ३) फळ्यावर लिहा. वर्गात कुणीतरी वरचा क्ष खोडतं, खालचा क्ष खोडतं, सहाला तिनाने भागतं आणि उत्तर सांगतं, २. आता क्ष = १ ठेवून बघा. वर ७, खाली ४. सात चतुर्थांश म्हणजे काही दोन नव्हेत. काट लागते ती अवयवांना, पदांना नाही. क्ष आणि ६ इथे बेरजेने बांधलेले आहेत, त्यातला एकटा क्ष सोडवून नेता येत नाही. अख्खा कंस वरही गुणाकारात असेल आणि खालीही, तरच तो उडतो.

(क्ष² − ९)/(क्ष − ३) मध्ये तसं होतं. वरचं वर्गांतर फोडलं की (क्ष − ३)(क्ष + ३) मिळतं, काट मारली की क्ष + ३ उरतं. पण क्ष = ३ घेतलं तर? मूळ राशीत शून्य भागिले शून्य येतं, ज्याला अर्थच नाही. उत्तरात मात्र ६ येतात. म्हणून ‘क्ष ची किंमत ३ नाही’ ही अट उत्तराशेजारी लिहायलाच हवी.

हा प्रश्न आजचा नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला ज्यांच्या नातवाने शिलालेख कोरवला, त्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एक उदाहरण आहे. एका संख्येला शून्याने गुणा, आलेल्यात त्याचंच निम्मं मिळवा, तिप्पट करा आणि शून्याने भागा. उत्तर ६३ येतं, तर संख्या कोणती? त्यांनी शून्याचा गुणाकार आणि शून्याचा भागाकार एकमेकांत उडवून १४ हे उत्तर काढलं. आजचं बीजगणित ही काट मान्य करत नाही. पण इ. स. ११५० च्या सुमारास हा प्रश्न सुचावा, याचं मला फार मोल वाटतं.

गुणाकार सोपा आहे, फक्त कंस गुणत बसू नका. आधी सगळे अवयव पाडा, मग काट मारा.

वजाबाकीला वेळ द्या. २क्ष/(क्ष² − ९) − १/(क्ष − ३) घेऊ. छेदांचा लसावि (क्ष − ३)(क्ष + ३). दुसऱ्या अपूर्णांकाला वर-खाली (क्ष + ३) ने गुणलं की अंशात २क्ष − (क्ष + ३) येतं, म्हणजे क्ष − ३. काट मारून उत्तर १/(क्ष + ३).

आता अंशातला कंस विसरून २क्ष − क्ष + ३ लिहिलंत तर? क्ष + ३ येतं, तेही छेदातल्या कंसाशी छान उडतं आणि १/(क्ष − ३) असं देखणं उत्तर मिळतं. सुबक दिसतं, म्हणून संशयही येत नाही. क्ष = ४ ठेवा. मूळ राशी ८/७ − १, म्हणजे १/७. पहिलं उत्तर १/७ देतं, दुसरं १. एवढा ताळा करायला अर्धं मिनिट पुरतं. वजा चिन्हानंतरचा कंस हाताने लिहा, मनात ठेवू नका.

पुढच्या आठवड्यापर्यंत एकच गणित सोडवा : ४/(क्ष² − ४) − १/(क्ष − २). अंशात २ − क्ष येईल, तिथे थांबू नका. क्ष = ३ ठेवल्यावर तुमच्या उत्तराची किंमत वजा एक पंचमांश यायला हवी.