केमो लागू पडेल का, हे स्कॅन सांगतो का?

फुप्फुसाच्या कर्करोगाचं निदान झालं की मीरा-भाईंदरमधल्या अनेक घरांची वाट परळच्या टाटा मेमोरियलकडे वळते. तिथे पोहोचण्याआधीच एक प्रश्न मोबाइलवर आलेला असतो : एआय म्हणे नुसता सीटी बघून केमो लागू पडेल की नाही ते सांगतं, मग आधी तेच का करू नये?

बातमी खोटी नाही, पण अर्धवट आहे. मुंबई विद्यापीठाचे पदवीधर आणि आता अमेरिकेत संशोधन करणारे अनंत माडभूषी यांच्या गटाने २०१९ मध्ये १२५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांना पेमेट्रेक्सेड आणि प्लॅटिनम गटातलं औषध दिलं होतं. केमोच्या आधीच्या सीटीवर गाठीचा पोत कसा आहे, आणि गाठीच्या कडेबाहेरचा पट्टा कसा दिसतो, हे संगणकाने मोजलं. पडताळणीच्या ७२ रुग्णांत त्याला ०.७७ गुण मिळाले. म्हणजे औषध लागू पडलेला एक आणि न पडलेला एक अशी जोडी समोर ठेवली, तर १०० पैकी साधारण ७७ जोड्यांत अंदाज बरोबर. संशोधन म्हणून हे मोलाचं आहे. पण त्या आकड्यावर कुणाची केमो नाकारणं मला अन्यायाचं वाटतं. शिवाय मशीन किंवा स्लाइसची जाडी बदलली की पोताचे आकडेही बदलतात.

उपचार ठरतो तो आधी बायोप्सीवर. ईजीएफआर जनुकातला बदल सहसा तुकडा तपासून पक्का होतो. तो सापडला की गोळी मिळते, आणि मग केमोची गरजच नाही असं अनेकांना वाटतं. टाटाच्याच डॉक्टरांनी असा बदल असलेल्या ३५० रुग्णांवर केलेल्या चाचणीत नुसत्या जेफिटिनिब या गोळीवर आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, जोडीला केमो दिल्यावर १६ महिने. अर्थात केमोचा त्रासही त्या गटात जास्त होता.

“गाठ तेवढीच आहे, केमो फुकट गेली,” हे वाक्य तर फार लवकर बोललं जातं. दोन-तीन सायकलनंतरच्या सीटीवर ठरावीक गाठींच्या सर्वांत मोठ्या व्यासांची बेरीज करतात. ५० मिलिमीटरची बेरीज ३५ वर आली, म्हणजे ३० टक्के घटली, की ‘अंशतः प्रतिसाद’. ४० वर आली तर रिपोर्टमध्ये ‘स्थिर’ लिहिलेलं असतं. वाढणारा आजार थांबला असेल, तर तेही औषधाचंच काम. आजार वाढला म्हणायला सर्वांत कमी बेरजेपेक्षा किमान २० टक्के आणि ५ मिलिमीटर वाढ किंवा नवी गाठ लागते. म्हणून जुनी सीडी रेडिऑलॉजिस्टकडे द्यायलाच हवी. तुलनेशिवाय ‘वाढ’ किंवा ‘घट’ या शब्दांना अर्थ नाही.

पेट स्कॅनचं वेगळं. त्यासाठी साखरेला जोडून टोचलं जाणारं किरणोत्सारी फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे ते जवळच तयार व्हावं लागतं. ते तयार करणारं यंत्र, म्हणजे देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन, २००२ मध्ये परळच्याच रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. स्कॅनमध्ये चमकते ती साखर ओढणारी पेशी, मग ती कर्करोगाची असो वा टीबीची. आपल्याकडे टीबी इतका आहे की केमोदरम्यान छातीत नवा ठिपका चमकला, तर औषध बदलण्याआधी डॉक्टर सुईने तुकडा काढायला सांगू शकतात. तसं सांगितलं तर घाबरून नाही म्हणू नका.