कोर्टाचा वेग आणि सानियाचा निरोप

भातकापणी आटोपली की उरण-पनवेल पट्ट्यात गावोगावी टेनिस बॉल क्रिकेटचे सामने सुरू होतात. न्हावा आणि शेवा या दोन गावांचे नाव घेऊन १९८९ साली इथे बंदर सुरू झाले. शेती कमी झाली, कंटेनरची रांग वाढली, पण हा नाद काही सुटला नाही. ज्या घरात टेनिसची रॅकेट कधी आली नाही, त्या घरातही टेनिसचा चेंडू असतोच. आणि त्या घरातल्या दहा वर्षांच्या पोराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. सिमेंटच्या खेळपट्टीवर चेंडू सरसर येतो, शेतातल्या मातीवर थांबून येतो आणि दव पडलेल्या गवतावर नीट उसळतच नाही, घसरत जातो.

टेनिसमध्ये यालाच कोर्टाचा वेग म्हणतात. हे सारे आज आठवण्याचे कारण म्हणजे सानिया मिर्झा. फेब्रुवारी २०२३ मध्ये ती दुबईत आपली शेवटची स्पर्धा खेळली. तेव्हा छत्तीस वर्षांची, एका मुलाची आई असलेली ही खेळाडू वीस वर्षे व्यावसायिक टेनिसमध्ये टिकली कशी आणि मग थांबली का, हे समजून घ्यायचे तर तिच्या पायांखालच्या जमिनीकडे पाहावे लागते.

चेंडू आणि जमीन

पॅरिसच्या फ्रेंच ओपनमध्ये विटांचा बारीक चुरा पसरलेले मातीचे कोर्ट असते. चेंडू पडला की तो चुरा त्याला धरतो. चेंडूचा वेग कमी होतो आणि उसळी वाढते. समोरच्या खेळाडूला पोहोचायला वेळ मिळतो, म्हणून एकेक गुण लांबत जातो. विम्बल्डनच्या गवतावर याच्या उलट घडते. चेंडू खाली राहतो आणि सुसाट निघून जातो. २००१ साली विम्बल्डनने गवताचे मिश्रण बदलून केवळ बारमाही राय गवत पेरले. तेव्हापासून तिथली उसळी पूर्वीपेक्षा खरी झाली आणि सर्व्हिस करून थेट जाळ्याकडे धावणारे खेळाडू कमी होत गेले. फक्त गवत बदलले आणि खेळण्याची एक पद्धतच मागे पडली.

तिसरा प्रकार हार्ड कोर्टचा. डांबराच्या किंवा काँक्रीटच्या थरावर ॲक्रिलिक रंग चढवतात आणि त्या रंगात वाळू मिसळतात. वाळू जास्त आणि भरड असेल तर चेंडू अडखळतो, बारीक असेल तर सटकतो. म्हणजे दोन हार्ड कोर्ट दिसायला सारखी, पण वागायला वेगळी. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ हा वेग यंत्राने मोजून कोर्टांचे पाच वर्ग करतो. २९ किंवा त्याखाली आकडा आला तर कोर्ट संथ, ४५ किंवा त्यावर गेला तर वेगवान.

शेणाने सारवलेले कोर्ट

सानियाचा जन्म १५ नोव्हेंबर १९८६ चा, मुंबईतला. वाढली हैदराबादमध्ये. ती सहा वर्षांची असताना तिची आई तिला निझाम क्लबच्या टेनिस कोर्टावर घेऊन गेली. मुलगी फार लहान आहे, असे प्रशिक्षक म्हणाले. आई वाद घालत राहिली आणि अखेर मुलीला प्रवेश मिळाला. निवृत्तीच्या निवेदनाची सुरुवात सानियाने याच प्रसंगाने केली आहे. पुढे वडील इम्रान मिर्झा यांनी प्रशिक्षणाची जबाबदारी उचलली. त्या काळात आपण शेणाने सारवलेल्या कोर्टांवर खेळलो, हे ती अनेकदा सांगते. कोकणातल्या आजी-नानीचे अंगण ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ते कोर्ट डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही.

पण या मुलीचा फोरहँड मातीचा नव्हता. तो सपाट होता, जोरकस होता. अशा फटक्याला खरी साथ हार्ड कोर्टची मिळते. जानेवारी २००५ मध्ये मेलबर्नला, अठराव्या वर्षी, ती तिसऱ्या फेरीत पोहोचली आणि सेरेना विल्यम्सकडून हरली. पुढच्याच महिन्यात हैदराबादची स्पर्धा जिंकून डब्ल्यूटीए एकेरीचे विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. त्याच वर्षी न्यूयॉर्कला चौथी फेरी, आणि ऑगस्ट २००७ मध्ये जगात सत्ताविसावा क्रमांक. एकेरीत एवढ्या वर कोणतीही भारतीय महिला आजवर गेलेली नाही. ही सारी कमाई हार्ड कोर्टवरची. पॅरिसची माती आणि विम्बल्डनचे गवत यांवर मात्र एकेरीत ती दुसऱ्या फेरीच्या पुढे कधी गेली नाही.

हार्ड कोर्ट जे देते त्याची किंमतही घेते. मातीवर पाय घसरत जाऊन थांबतो. हार्ड कोर्टवर तो एकदम थांबतो आणि त्याचा धक्का घोट्याला, गुडघ्याला बसतो. सानियाच्या गुडघ्यांवर उपचार झाले, २००८ मध्ये मनगटाची शस्त्रक्रिया झाली. शेवटी २०१३ मध्ये तिने एकेरी सोडली. तेव्हा काहींना वाटले, आता संपले.

खरी बरकत त्यानंतर आली. दुहेरीत धावणे निम्म्यावर येते; अंदाज, जागा आणि हाताची चपळाई यांना महत्त्व येते. मार्टिना हिंगिसबरोबर तिने २०१५ ची विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन व २०१६ ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. या जोडीने सलग ४१ सामने जिंकले. एप्रिल २०१५ मध्ये सानिया दुहेरीत जगात पहिली झाली. मिश्र दुहेरीत महेश भूपतीबरोबर २००९ ची ऑस्ट्रेलियन आणि २०१२ ची फ्रेंच, तर ब्राझीलच्या ब्रुनो सोआरेसबरोबर २०१४ ची अमेरिकन. एकूण सहा विजेतेपदे, आणि ती तिन्ही प्रकारच्या जमिनींवर. ज्या माती-गवताने एकेरीत अडवले, तिथेच तिने दुसऱ्या वाटेने करंडक उचलला.

छत्तिसावे वर्ष

वय वाढले की खेळाडू आपल्याला मानवणारी जमीन शोधतो. रॉजर फेडररने २०१७ मध्ये मातीचा सगळा हंगाम सोडून दिला, शरीर राखले आणि छत्तिशीच्या उंबरठ्यावर गवतावरची विम्बल्डन एकही सेट न गमावता जिंकली. राफेल नदालने छत्तीस पूर्ण होताच, जून २०२२ मध्ये, पॅरिसच्या मातीवर चौदावे विजेतेपद मिळवले. एकाला लवकर संपणारे गुण हवे होते, दुसऱ्याला वेळ देणारी जमीन.

सानियाचा मुलगा इझान ऑक्टोबर २०१८ मध्ये जन्मला. वाढलेले वजन उतरवून ती जानेवारी २०२० मध्ये परतली आणि होबार्टची पहिलीच स्पर्धा जिंकली. पण जानेवारी २०२२ मध्ये तिने जाहीर केले की हा आपला शेवटचा हंगाम. सामन्यानंतर शरीर सावरायला वेळ लागतो, गुडघा दुखतो, लहान मुलाला घेऊन जगभर फिरणे सोपे नाही, ही कारणे तिने मोकळेपणाने सांगितली. मग ऑगस्टमध्ये कोपराच्या दुखापतीने अमेरिकन ओपन हुकली आणि तिने बेत बदलला. दुखापतीने आपल्याला बाहेर काढावे हे तिला मान्य नव्हते. जायचे तर आपल्या मर्जीने.

म्हणून ती पुन्हा मेलबर्नला गेली. २७ जानेवारी २०२३ रोजी रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचा अंतिम सामना खेळली आणि ६-७, २-६ असा हरली. अठरा वर्षांपूर्वी सेरेनाशी जिथे खेळली, तिथेच ग्रँड स्लॅमचा शेवट झाला. बोलताना तिला रडू आवरले नाही. मुलगा समोर बसून पाहत होता. मग दुबईच्या वेगवान समजल्या जाणाऱ्या हार्ड कोर्टवर मॅडिसन कीजच्या साथीने ती शेवटची उतरली. निकाल काहीही असो, तारीख तिने स्वतः ठरवली होती.

आपल्या घरातली निवृत्ती

इथे मला आमच्या इमारतीचे आवार आठवते. असरनंतर मुले-मुली एकत्र खेळतात. पाचवी-सहावीपर्यंत मुली असतात, सातवीत दिसेनाशा होतात. कुणी बंदी घालत नाही, कुणी काही जाहीर करत नाही. आधी ट्यूशनची वेळ बदलते, मग घरात धाकट्याला सांभाळायचे असते, मग अम्मी म्हणते, “आता मोठी झालीस, बेटा.” बाराव्या-तेराव्या वर्षी ती मुलगी निवृत्त होते आणि तिला तारीख कुणी विचारलेली नसते.

सानियाच्या कपड्यांवरून काय काय बोलले गेले, ते आपण सर्वांनी ऐकले आहे. तो वाद इथे उकरायचा नाही. हिजाब घालून तलवारबाजी करणाऱ्या अमेरिकेच्या इब्तिहाज मुहम्मदने २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये सांघिक कांस्यपदक मिळवले. ट्युनिशियाची ऑन्स जाबर २०२२ मध्ये विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन, दोन्हींच्या अंतिम फेरीत पोहोचली. पोशाखाचा प्रश्न प्रत्येक घर आपल्या परीने सोडवू शकते. अंधार पडण्याआधीची वेळ, सोबतीला दोन आया, शाळेचे मैदान, शक्य असेल तिथे महिला प्रशिक्षक, हेही जमवता येते.

टेनिस महाग खेळ आहे, हे खरे. रॅकेट, कोर्टाची फी, येण्या-जाण्याचा खर्च प्रत्येक घराला झेपणार नाही. पण बॅडमिंटन आहे, टेबल टेनिस आहे, धावणे आहे. आणि तेही नको असेल तर दारात पडलेला तो जुना टेनिसचा चेंडू आहे. येत्या रविवारी मुलीला घेऊन खाली उतरा. आधी सिमेंटवर, मग मातीवर, मग गवतावर तो टाकून बघायला सांगा. फरक तिला आपोआप कळेल. मग पुढच्या रविवारीही तिला खाली न्या. ती तेरा वर्षांची झाली असेल, तर आवर्जून न्या.