काळ्या मातीतला कारखाना

पौषात पाऊस पडावा असे कोणत्याही पंचांगात लिहिलेले नसते. पण 2021 सालचा डिसेंबर सरता सरता विदर्भात गारा पडल्या, जानेवारी उजाडला तरी आभाळ मोकळे होईना, आणि नेमक्या त्याच दिवसांत दारव्ह्याजवळच्या आमच्या गावी आम्ही दोघे नवराबायको सहा खड्डे खणून कारखाना उभारत होतो. कारखाना हा शब्द जरा मोठाच झाला म्हणा. 20 फूट रुंद, 30 फूट लांब अशी पत्र्याची शेड आणि आत वेल्डिंगचे यंत्र, ग्राइंडर, ड्रिल अन् एक ऐरण. पण ज्याच्या बायकोच्या पाटल्या त्यात गेल्या, त्याने त्याला कारखाना म्हणू नये तर काय म्हणावे?

आमचे हे 11 वर्षे भोसरीत वेल्डर होते. 2020 च्या टाळेबंदीत काम गेले आणि आम्ही बिऱ्हाड गुंडाळून गावी आलो. गावात काम नव्हते असे नाही. वखराची पास झिजते, डवरा वाकतो, ट्रॉलीचा सांधा उखडतो. आणि त्यासाठी शेतकऱ्याला एक दिवस मोडून तालुक्याला जावे लागे. मात्र या धंद्याची खरी कमाई चैत्र-वैशाखातली. 7 जूनला मृग लागला की ज्याची अवजारे तयार, तो शेतात. ज्याची नाहीत, तो तुमच्या नावाने खडे फोडणार! मुद्रा योजनेतले कर्ज मिळाले होते आणि मार्चपासून हप्ता सुरू होणार होता. होळीच्या आत छप्पर चढले नाही तर तो भरायचा कशातून, हा हिशेब मी रोज रात्री वहीत मांडी आणि रोज तो तेवढाच येई.

आता आमच्या जमिनीविषयी सांगायला हवे. ती कापसाची काळी. कापसाला ही माती सख्खी आई, घराला मात्र सावत्र. तिच्यातली चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात वाळली की अशी भेगाळते की भेगेत मनगटापर्यंत हात जावा. पाया या फुगणाऱ्या थरातच टेकवला तर खांब पावसाळ्यात वर उचलला जातो, उन्हाळ्यात खाली बसतो. आणि सगळे खांब एकसारखे हलत नाहीत, हेच तर दुखणे! भिंतींना तिरप्या चिरा जातात त्या यामुळे. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी खास खांब काढले. जमिनीत खोल गेलेला गोल खांब, त्याला खाली कांद्यासारखा फुगवटा. माती वर उचलू लागली तरी तो जागचा सुटत नाही. तसा खड्डा घेण्याचे हत्यार आमच्याजवळ कुठले? आमच्याजवळ टिकाव, फावडे आणि घमेले. म्हणजे मुरूम लागेपर्यंत खाली जाणे, एवढाच उपाय.

गवंडीबुवा म्हणाले, "बाई, तीन फुटावर काँक्रीट टाका. पत्र्याची तं शेड आहे, माडी थोडीच चढवायची आहे!" ह्यांनाही ते पटू लागले होते. एकेक फूट म्हणजे एकेक दिवस, आणि वरून पाऊस. मी म्हटले, मुरूम दिसल्याशिवाय सिमेंटचे पोते सुटायचे नाही. भांडण म्हणावे असे ते भांडण नव्हते. पण दोन दिवस आमच्या घरात "जेवायला वाढलंय" याच्यापलीकडे संभाषण गेले नाही. तिसऱ्या दिवशी हे आपणहून टिकाव घेऊन खड्ड्यात उतरले. चार खड्ड्यांत साडेपाच फुटांवर मुरूम लागला, दोहोंत साडेसहा फूट जावे लागले. त्याच रात्री पाऊस कोसळला. सकाळी पाहतो तो सहाही खड्डे तुडुंब आणि एकाची कड ढासळलेली! दोन दिवस आम्ही बादल्यांनी पाणी उपसले. सिमेंटला ओल लागू नये म्हणून पोती घरातल्या पलंगावर रचली होती. आम्ही आणि मुलगी खाली सतरंजीवर; सिमेंटचा थाट मात्र जावयासारखा.

त्या दिवसांत गोठ्यात बसून पाऊस उघडण्याची वाट पाहताना समोर सासऱ्यांचा जुना लोखंडी नांगर दिसे. त्याच्या अंगावर ओतीव अक्षरांत ‘किर्लोस्कर’. शाळेत वाचलेली ती गोष्ट तेव्हा निराळी वाटू लागली. 1888 साली बेळगावात सायकलचे दुकान काढणाऱ्या लक्ष्मणरावांनी पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून तो कोणी घेईना. पहिले नांगर दोन वर्षे पडून राहिले. 1910 साली बेळगाव सोडून कुंडल रोड स्टेशनाजवळ, औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर त्यांनी कारखाना हलवला. निवडुंग आणि साप यांचे ते राज्य. पण मला लक्ष्मणरावांपेक्षा राधाबाईच आठवत. त्याही त्या माळावर गेल्या होत्या, आणि शंतनुराव तेव्हा सात वर्षांचेही नव्हते. माळावर यंत्र मांडायला धैर्य लागते, कबूल. पण तिथे पहिल्या दिवशीची भाकरी भाजायला काय लागते ते विचारणारे थोडे. आमची मुलगी सहा वर्षांची. गोठ्यात ती नांगरावर बसून ‘किर्लोस्कर’ची अक्षरे बोटाने गिरवी.

खांब उभे राहिले, पण कैच्या जोडायच्या होत्या आणि रिपरिप थांबेना. ओल्या हवेत वेल्डिंगच्या कांड्यांवरचा लेप ओल धरतो, मग जोडात बुडबुडे राहतात; वरून सांधा गुळगुळीत, आतून पोकळ. कांड्यांसाठी मी बिस्किटांच्या मोठ्या डब्यात 100 वॅटचा दिवा बसवला. कांड्या कोरड्या झाल्या हो, पण माणूस कोरडा कसा ठेवायचा? वेल्डिंगच्या यंत्रातून निघणारा दाब 70-80 व्होल्टच असतो, म्हणून अनुभवी लोकही त्याला भीत नाहीत. कोरड्या अंगाला त्याचे फारसे वाटत नाही. ओल्या अंगाला, ओल्या जमिनीवर उभे असताना, तो जीव घेण्याइतका पुरतो. एके संध्याकाळी हे भिजलेल्या हातमोज्यांनिशी शिडीवर चढू लागले. हप्त्याला सहा आठवडे उरले होते. मी काही बोलले नाही. बोर्डावरचा फ्यूज काढला, कमरेला खोचला आणि स्वयंपाकाला लागले.

"अगं, दोनच सांधे राहिलेत!" हे अंगणातून ओरडले.

"उद्या," मी म्हटले.

तो उद्या पाच दिवसांनी उजाडला. त्या पाच दिवसांत मी फ्यूज उशाखाली घेऊन झोपत असे.

होळीच्या आठ दिवस आधी शेवटचा पत्रा चढला. पहिला हप्ता मात्र माहेरून उसने आणूनच भरावा लागला. वहीत तो अजून वेगळ्या पानावर आहे. मे महिन्यात जमिनीला नेहमीसारख्या भेगा पडल्या, गवंडीबुवांच्या स्वतःच्या ओसरीला नवी चीर गेली, आणि हे एक दिवस ओळंबा घेऊन सहाही खांब तपासत फिरले. मी फाटकाशी उभी होते. पाच खांब झाले, सहाव्याशी ओळंब्याचा गोळा थांबेपर्यंत त्यांनी बराच वेळ वाट पाहिली.

"सरळ आहे," हे म्हणाले.

इतक्यात एक शेतकरी खांद्यावर वाकलेला डवरा घेऊन आला आणि म्हणाला, "उद्याच्या सकाळी पाह्यजे बरं का, वहिनी."