मातीवरील जेलीसारखे शैवाक : ओळखण्याची रीत

मसाल्यातील दगडफूल सर्वांच्या परिचयाचे आहे. हैदराबादकडे ज्याला 'पत्थर का फूल' म्हणतात तो करडा, वाळका पापुद्रा म्हणजे शैवाक, अर्थात लायकेन होय. कवक आणि शैवल हे दोन भिन्न जीव एकत्र नांदून असा एक देह घडवतात, हा विचार स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमॉन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये मांडला. या कुळातील काही शैवाके मात्र दगडफुलासारखी दिसत नाहीत. ती मातीवर वाढतात व भिजली की जेलीसारखी फुगतात.

एन्किलियम टेनॅक्स हे त्यांचे ठळक उदाहरण. जुन्या पुस्तकांत ते कोलेमा टेनॅक्स या नावाने आढळते. कोलेमा हे नाव सरस किंवा खळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. चुना किंवा जिप्सम असलेल्या उघड्या मातीवर ते वाढते. अमेरिकेतील कोलोरॅडो पठाराच्या वाळवंटी भागात ते विपुल आहे.

कोरडे असताना ते काळ्या, ठिसूळ खपलीसारखे दिसते व नजरेतून सहज निसटते. म्हणून ओळखीचे पहिले साधन पाणी. एका खपलीवर पाण्याचे थोडे थेंब सोडून काही मिनिटे थांबावे. खपली फुगून जाड, मऊ आणि गडद ऑलिव्ह-हिरवी होते. दगडफुलात कवक आणि शैवल यांचे वेगळे थर असतात. येथे मात्र नोस्टॉक या नीलहरित शैवलाच्या माळा व कवकतंतू एकमेकांत मिसळलेले असतात. नोस्टॉकभोवतीचे बुळबुळीत आवरण पाणी शोषते आणि सारा देह फुगतो. त्यानंतर भिंगातून गोलाकार पसरलेल्या पाळ्या व लालसर तपकिरी, बारीक तबकड्या शोधाव्यात. या तबकड्यांत कवकाची बीजुके तयार होतात. पोटॅश वा ब्लीचिंग द्रवाने रंग पाहण्याची चाचणी येथे उपयोगी पडत नाही. कारण रंग बदलणारी द्रव्ये या शैवाकांत नसतात.

खरा घोटाळा होतो तो स्वतंत्र वाढणाऱ्या नोस्टॉकशी. आपल्याकडे पावसाळ्यात मैदानावर दिसणारे हिरवट, बुळबुळीत पापुद्रे पुष्कळदा तेच असतात. ते जमिनीवर सैल पडलेले असतात आणि बोटाने अलगद उचलता येतात; त्यांवर तबकड्या कधीच नसतात. शैवाक मातीला चिकटून असते. मात्र तबकड्या नसलेले शैवाकही आढळते. अशा वेळी चिमूटभर नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. नुसत्या मण्यांच्या माळा दिसल्या तर नोस्टॉक. त्यांच्यामधून कवकतंतू गेलेले दिसले तर शैवाक.

ही ओळख केवळ नावापुरती नाही. नोस्टॉक हवेतील नायट्रोजन बांधून घेतो व तो पुढे निकस वाळवंटी मातीला मिळतो. शिवाय हा जिवंत थर माती वाऱ्यापासून धरून ठेवतो. एका पावलाने तो मोडला तर पूर्ववत होण्यास अनेक दशके लागू शकतात. म्हणूनच यूटातील आर्चेस राष्ट्रीय उद्यानात पायवाट न सोडण्याची सूचना असते. विद्यार्थ्यांना क्षेत्रभेटीस नेणाऱ्या अध्यापकांनीही हा क्रम पाळावा : आधी पाय कुठे ठेवायचा ते पाहणे, मग पाणी, मग भिंग, आणि गरज पडली तरच चिमूटभर नमुना.