एफएमवर सगळीकडे तीच गाणी का? यवतमाळला स्टेशन आलं तर काय होईल?

राळेगावातून शिक्षणासाठी किंवा कामासाठी नागपूरला गेलेल्यांना हा अनुभव नवा नाही. मिर्ची लावा, रेडिओ सिटी लावा की रेड एफएम, बहुतेक वेळ हिंदी सिनेमाचीच गाणी. गझल, कव्वाली, नात किंवा मराठी गाणं हवं असेल तर शोधत बसावं लागतं. एवढी स्टेशनं असूनही असं का?

कारण साध्या हिशेबात आहे. समजा, शहरात 100 श्रोते आहेत. 80 जणांना फिल्मी गाणी आवडतात, 20 जणांना गझल-कव्वाली. चार स्टेशनांनी फिल्मी गाणी वाजवली, तरी प्रत्येकाला 20 श्रोते मिळतात. मग वेगळं काही करून फायदा काय? पाचवं स्टेशन आलं तरच फिल्मी गाण्यांत वाटा 16 वर येतो आणि गझलकडे वळणं परवडतं. त्यात परवान्यासाठी लिलावात मोठी रक्कम आधीच भरलेली असते आणि कमाई जाहिरातींवर. म्हणून कुणी धोका पत्करत नाही.

रिकामी जागा राहिली की श्रोता मात्र थांबत नाही. 1952 नंतर आकाशवाणीने फिल्मी गाण्यांना आवर घातला, तेव्हा लोक रेडिओ सिलोनकडे गेले. त्यांना परत आणण्यासाठी 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू झाली. आज तरुण मुलं यूट्यूबकडे गेली आहेत. अडचण होते ती घरातल्या दादी-नानीची, ज्यांना मोबाईल चालवता येत नाही.

हा प्रश्न आता आपल्या जिल्ह्याचाही आहे. 28 ऑगस्ट 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 234 नव्या शहरांत 730 खासगी एफएम चॅनेलच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत यवतमाळ आहे, मालेगावही आहे. मातृभाषेतल्या कार्यक्रमांना चालना मिळावी, हा त्यामागचा एक हेतू सांगितला गेला. पण छोट्या शहरात चॅनेल मोजकेच असणार, म्हणजे वरचा हिशेब तिथेही लागू होईल. धार्मिक संस्थेच्या ताब्यातल्या कंपनीला खासगी एफएमचा परवाना मिळत नाही, त्यामुळे तो मार्गही नाही.

दुसरा मार्ग आहे सामुदायिक रेडिओचा. 2006 च्या धोरणापासून शिक्षणसंस्थांबरोबरच नोंदणीकृत, नफा न कमावणाऱ्या सामाजिक संस्थाही त्यासाठी केंद्र सरकारकडे अर्ज करू शकतात. आवाज काही किलोमीटरपर्यंतच पोहोचतो आणि निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून करावे लागतात. असं स्टेशन एकट्या आपल्या समाजाचं नसेल, सगळ्या गावाचं असेल. कापसाचे भाव, शाळा-दवाखान्याची माहिती, भजन आणि कव्वाली, सगळं त्यात बसेल.

तोपर्यंत घरातल्या बुजुर्गांना एवढं करून द्या: मोबाईलवर आकाशवाणीचं अॅप घ्या आणि त्यात 1965 पासून चालू असलेली उर्दू सर्व्हिस लावून द्या.